दुसऱ्या गिअरचा आवाज

मी जळका माणूस आहे. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे जे सांगायचं आहे ते त्याशिवाय कळणार नाही. शेजाऱ्याच्या घराला नवा रंग लागला की मला माझ्या भिंतीचे पोपडे दिसायला लागतात. साडूच्या मुलाला नोकरी लागली तेव्हा मी पेढा खाल्ला आणि दिवसभर पोट बिघडल्याचं सांगत फिरलो. बायको म्हणते, तुमच्या अंगात रक्त नाही, बॅटरीचं पाणी आहे. ती हसत म्हणते, पण म्हणते.

जामच्या चौकाजवळ माझं गॅरेज होतं. बत्तीस वर्षं चालवलं, गेल्या वर्षी शटर ओढलं. नागपूर-हैदराबाद रस्ता आणि वर्ध्याकडे वळणारा रस्ता जिथे भेटतात, तिथून हाकेच्या अंतरावर. पण समुद्रपूर, हिंगणघाट, वर्धा, पार आर्वीपर्यंत लोक मला ओळखतात ते गॅरेजमुळे नाही. जुनी गाडी विकत घेण्याआधी लोक मला सोबत घेऊन जातात. मी गाडी पाहतो आणि घ्यायची की नाही ते सांगतो. “वासुदेवभाऊंनी पाहिली का?” असं विचारल्याशिवाय आमच्याकडे सौदा पुढे सरकत नसे.

हे काम बाहेरच्या माणसाला वाटतं तेवढं गूढ नाही. पोहोचल्या पोहोचल्या पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर समजायचं की विकणाऱ्याने आपण येण्याआधी गाडी सुरू करून ठेवली होती, म्हणजे थंड असताना ती कुरकुर करते. मग खिशातलं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवायचं. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे खड्डा बुजवायची पुट्टी, भरलेली असते. किलोमीटरचा काटा मागे फिरवता येतो, पण ब्रेकच्या पायट्यावरचं रबर मागे फिरवता येत नाही. काटा चाळीस हजार सांगतो आणि रबर गुळगुळीत झालेलं असेल तर रबराचं ऐकायचं. सीटचा पट्टा पार शेवटपर्यंत ओढून पाहायचा. एकदा एका माणसाने देवाची शपथ घेऊन सांगितलं होतं की या गाडीने पाणी कधी पाहिलं नाही. पट्टा ओढला तर आतल्या बाजूला चिखलाची सरळ रेघ होती, आणि सीटखाली तुरीला कोंब आलेला. मी तो कोंब उपटून त्याच्या हातात दिला. त्यानेही तो मुकाट्याने कुंडीत लावला.

आता एक अडचण अशी की विकणाऱ्याच्या अंगणात उभं राहून त्याच्या गाडीला नावं ठेवता येत नाहीत. गावं लहान, नाती गुंतलेली. म्हणून मी गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवायचो: पाहून झाल्यावर मी चहा मागितला तर घ्या, पाणी मागितलं तर नको. ही युक्ती मी डिसेंबरात काढली होती, त्यामुळे मे महिन्याचा विचार केला नव्हता. मग व्हायचं असं की भर दुपारी दोन तास उन्हात गाडीखाली लोळून घसा कोरडा पडलेला, आणि गाडी चांगली असल्यामुळे पाणी मागायची सोय नाही. यजमान माठातलं गार पाणी पुढे करतायत आणि मी म्हणतोय, नको, चहाच घेईन. कितीतरी चांगल्या गाड्यांनी माझी जीभ भाजली आहे. पण बत्तीस वर्षांत माझं पाणी किंवा माझा चहा खोटा ठरला नव्हता, याचा मला फार तोरा होता.

सुरेशबद्दल सांगायला हवं. सुरेश माझा भागीदार, वयाने सात-आठ वर्षांनी लहान, मला दादा म्हणायचा. अकरा वर्षं आम्ही एका शटरखाली काम केलं. गाडी पाहण्यात मी वस्ताद होतो, पण गाडी दुरुस्त करण्यात सुरेशचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. हे वाक्य लिहायला मला सतरा वर्षं लागली. समुद्रपूरच्या एका डॉक्टरांच्या जीपमध्ये कुठूनतरी आवाज यायचा. मी दोन दिवस शोधला. सुरेशने लांब पेचकसाचं टोक इंजिनला लावलं, मूठ कानाला लावली आणि मिनिटभरात बेअरिंगवर बोट ठेवलं. मी डॉक्टरांना म्हणालो, लागलं याचं नशीब. पुढे पुढे गिऱ्हाईक गाडी घेऊन यायचं आणि मी पाना उचलला की म्हणायचं, राहू द्या भाऊ, सुरेशभाऊ येऊ द्या, आम्ही थांबतो. ते समोरच्या टपरीवर बसून थांबायचे आणि मी मोकळ्या हातांनी त्यांच्याकडे बघत उभा. मग मी टोमणे मारायला लागलो. एक दिवस चार माणसांसमोर, त्याला ऐकू जाईल असं म्हणालो की याला पाना कुठल्या हातात धरायचा तेही मीच शिकवलं. सुरेशने हातातलं काम पूर्ण केलं, साबणाने हात धुतले, शटरची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला. भांडण झालंच नाही. त्याने तळेगावला, श्यामजी पंतांच्या तळेगावला, गॅरेज टाकलं एवढं कानावर आलं. मी कधी गेलो नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात वानखडे मॅडम माझ्याकडे आल्या. मूळ रोहण्याच्या, आर्वीच्या शाळेत छत्तीस वर्षं विज्ञान शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. शाळेतलं स्वच्छ मराठी बोलायच्या, फळ्यावर लिहिल्यासारखं. त्यांना हिंगणघाटची एक गाडी पाहायची होती. मी विचारलं, कोणती? त्या म्हणाल्या, लाल, दोन दरवाजांची, दोनच माणसं बसतात, छप्पर मागे जातं.

ती गाडी मला माहीत होती. चौकातल्या सगळ्यांना माहीत होती. हिंगणघाटचे कापसाचे व्यापारी किशोरसेठ यांची ती स्पोर्ट्स कार. दर तीन-चार महिन्यांनी ती आमच्या चौकात यायची आणि वर्ध्याकडे वळायची. मी हातातलं काम टाकून बघायचो. सेठांची सासुरवाडी तिकडे असावी असं मी ठरवून टाकलं होतं.

मॅडमच्या मुलाने पुण्याहून फोनवर सांगितलं होतं की आई, हे वय आहे का. बहीण म्हणाली होती, लोक काय म्हणतील. गाडी एक लाख बेचाळीस हजार किलोमीटर पळालेली. परदेशी बनावटीची, सुटा भाग लागला तर महिनाभर वाट पाहायची. मॅडम म्हणाल्या, “भाऊ, मी आयुष्यभर बसने आणि स्कूटरने शाळेत गेले. एकच हौस आहे. पण ती फसली तर घरचे जन्मभर ऐकवतील. तुम्ही नाही म्हणालात तर मी नाव काढणार नाही.” आणि त्यांना मी पाणी-चहाचं समजावून दिलं.

खरं सांगतो, तिथूनच माझं सुरू झालं होतं. मी हजारो गाड्यांखाली झोपलो, पण माझ्या दारात कधी मोपेडपलीकडे काही उभं राहिलं नाही. आणि या बाई अशा गाडीत बसणार, छप्पर मागे टाकून. तरी मनाला म्हटलं, एवढी पळालेली स्पोर्ट्स कार चांगली असूच शकत नाही. अशी गाडी जमिनीला लागून चालते, आपल्याकडच्या गतिरोधकांवर तिचं पोट घासतं. ती घेणारे लोक जोरात पळवायलाच घेतात, त्यात क्लच आणि गिअरबॉक्स लवकर जातात. मी रीतसर, न्यायाने नाही म्हणेन आणि घरी जाईन.

किशोरसेठांच्या अंगणात गाडी कडुनिंबाखाली उभी होती. बॉनेट थंड. लोहचुंबक सगळीकडे चिकटलं. पायट्याचं रबर झिजलेलं, काट्याला शोभेल इतकंच. पट्टा स्वच्छ. मी खाली पोतं टाकून आत सरकलो. पोटावर एक ओरखडा, तोही साफ करून रंगवलेला. तेल काढून बोटांवर चोळलं, त्यात कचकच नाही. हजारो किलोमीटर हमरस्त्यावर, एका चालीने, एका हाताने चाललेली गाडी कमी पळालेल्या गाडीपेक्षा चांगली असू शकते, हे मी लोकांना नेहमी सांगायचो. आज ते माझ्याच तोंडावर आलं होतं. मी दोष शोधत होतो आणि मला दोष सापडत नव्हता.

मग मी इंजिनच्या मागे हात घातला. वायरी बांधायची प्लास्टिकची पट्टी असते, तिचं उरलेलं टोक कापलं की ते धारदार राहतं आणि पुढच्या मेकॅनिकचा हात कापतो. इथे प्रत्येक टोक लायटरने वितळवून गोल केलेलं होतं. आणि घट्ट केलेल्या प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाची बारीक रेघ होती, तिरपी, डावखुऱ्या हाताची.

अकरा वर्षं मी या दोन सवयींची टर उडवली होती. पुढच्याचा हात कापला तर तुझ्या बापाचं काय जातं, असं मी सुरेशला म्हणायचो. सेठांची सासुरवाडी नव्हती तिकडे. पंधरा वर्षं सेठ माझ्या दारावरून, माझ्या शटरसमोरून, वर्ध्याच्याही पलीकडे, शंभराहून जास्त किलोमीटर दूर तळेगावला गाडी नेत होते. एक लाख बेचाळीस हजार किलोमीटर सुरेशच्या हाताखालून गेले होते आणि गाडी कालच घेतल्यासारखी होती. दुसऱ्याच्या घरी आपलीच वस्तू दिसावी तसं वाटलं, आणि ती वस्तू आपण फेकून दिली होती हेही आठवावं.

गाडी चालवून पाहिली. तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकला. तो पडल्याचं हाताला कळलं, कानाला नाही.

परत आलो तेव्हा सेठ पडवीत उभे होते. घाम माझ्या कोपरांवरून गळत होता. त्यांनी विचारलं, “बोलो भाईसाब, क्या लेंगे?” मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, “पाणी द्या.”

पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होतो की मला तहान लागली होती. लागलीही होती. पण मॅडमचा चेहरा उतरलेला मला दिसला, त्यांनी पर्सची चेन हळूच बंद केलेली दिसली, आणि तेवढ्यात चहासुद्धा मागता आला असता. मी दोन तांबे पाणी प्यायलो.

परतीच्या वाटेवर मॅडम त्यांच्या भाच्याची जुनी गाडी चालवत होत्या. त्यांनी विचारलं, नेमकं काय? विज्ञानाच्या बाई, त्यांना मोघम चालत नाही. मी म्हणालो, दुसरा गिअर. गिअरबॉक्समध्ये दोन दातेरी चाकं एकमेकांत बसण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारी पितळेची रिंग असते. ती झिजली की खरखर येते. आज बारीक आहे, वर्षभरात गिअरबॉक्स जाईल. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि आभार मानले. त्या रात्री मी पोटभर जेवलो, हेही लिहायला हवं.

मॅडम सरळ बाई. त्यांनी सेठांना फोन करून नकाराचं कारण सांगितलं, म्हणजे त्यांना गिअरबॉक्स वेळेत पाहता येईल. सेठही सरळ. त्यांनी गाडी तळेगावला पाठवली.

आठ-दहा दिवसांनी मला फोन आला. पंधरा वर्षांत आवाज थोडा बसला होता, पण ओळखू आला. “दादा, सुरेश बोलून राह्यलो. तुमी ते लाल गाडी पाह्यली म्हणे. मी गिअरबॉक्स उतरवला, पुरा खोलला. मले काईच सापडून नाई राह्यलं. तुमच्या कानाले काय ऐकू आलं, तेवढं सांगजा.”

मी म्हणालो, उद्या येतो.

तळेगावला त्याचं गॅरेज माझ्यापेक्षा मोठं निघालं, ते मी आधी पाहिलं. मग त्याला पाहिलं. केस पांढरे झालेले, उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागत होता. जमिनीवर धुतलेलं पांढरं कापड अंथरून त्याने गिअरबॉक्सचे सगळे भाग काढले त्या क्रमाने मांडले होते. पितळेच्या रिंगा त्याने मोजल्या होत्या, आणि समाधान होईना म्हणून वर्ध्याहून दुसऱ्याचं मोजमापाचं हत्यार आणून परत मोजल्या होत्या. तीन दिवस त्याने दुसरी गाडी हातात घेतली नव्हती.

मी कापडासमोर उकिडवा बसलो. एक रिंग उचलून पाहिली. ती नव्यासारखी होती. मला सहज म्हणता आलं असतं की तेव्हा कचरा अडकला असेल, आता धुण्यात निघून गेला. तो मानला असता.

सुरेश म्हणाला, “मले वाटलं माहा कान गेला. तुमाले जे आयकू आलं ते मले पंधरा वर्षात आयकू नाई आलं, मंग माह्या हातानं लोकाईच्या गाड्या काऊन चालवू? पोरीले सांगतलं, दिवाळीपर्यंत पाह्यतो, नाई तं गॅरेज बंद करतो.”

आता जे लिहितो ते बायकोलाही सांगितलेलं नाही. हे ऐकून मला आधी बरं वाटलं. हा माणूस, ज्याच्यासाठी गिऱ्हाइकं टपरीवर तासन्‌तास बसायची, तो माझ्या कानाच्या धाकाने गॅरेज बंद करायला निघाला होता. क्षणभर मी तृप्त झालो. मग तो वाकून एकेक रिंग फडक्याने पुसायला लागला, परत, तिसऱ्यांदा किंवा चौथ्यांदा असेल, आणि माझ्याच्याने बघवेना.

“सुरेश, आवाज नव्हता,” मी म्हणालो.

त्याने मान वर केली नाही. “काऊन?” एवढंच विचारलं.

मी सांगितलं. तुझ्या पिवळ्या रेघा पाहिल्या आणि माझा जळफळाट झाला. एवढं चांगलं काम मी पाहिलेलं नाही. मॅडमला मी खोटं सांगितलं.

त्याने हातातली रिंग पुसून कापडावर तिच्या जागी ठेवली. मला वाटलं, आता पाना फेकून मारेल, आणि मारला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, “हे आता म्हणता, दादा. तवा म्हटलं असतं तं मी गेलो नसतो.”

त्याने बाही वर केली आणि म्हणाला, हात लावा, बसवू. मॅडमले तुमीच सांगजा. मी नाई सांगत.

गिअरबॉक्स बसवायला संध्याकाळ झाली. मी टॉर्च धरला, मागेल तो पाना दिला. प्रत्येक बोल्ट आवळून झाला की तो ब्रश बुडवून पिवळी रेघ ओढायचा, आणि मी बघत राहायचो. जळत होतोच. एका दिवसात स्वभाव जात नाही.

मी फोन करून बोलावल्यावर दुसऱ्या दिवशी मॅडम आर्वीहून स्कूटरने आल्या. त्या गॅरेजच्या दारात उभ्या असतानाच मी सगळं सांगून टाकलं, पाण्यापासून रिंगेपर्यंत. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर त्यांनी सुरेशला विचारलं, मी गाडी घेऊ का? सुरेश म्हणाला, माझंच काम आहे, मी कसं सांगू. त्यांनी सेठांना फोन लावून चालवून पाहण्याची परवानगी घेतली, सुरेशकडून चावी घेतली, आणि मला म्हणाल्या, “बसा बाजूला. काय ऐकायचं ते मला शिकवा. आता मीच ऐकणार.”

गाडी त्यांनी घेतली, हे इथेच सांगून टाकतो. आजही आर्वीच्या रस्त्यावर दिसते, छप्पर मागे टाकलेली. कामाला सुरेशकडे जाते. जुन्या गाड्या पाहायला लोक मला अजून बोलावतात. पण आता मी जे असेल ते तिथेच, विकणाऱ्यासमोर, तोंडाने बोलतो. बोलावणी निम्म्यावर आली आहेत.

त्या दिवशी आम्ही हमरस्त्याला लागलो. मॅडमनी चप्पल काढून ठेवली होती. मी सांगत होतो, क्लच पूर्ण दाबा, आता तिसऱ्यावरून दुसरा, हाताला काय लागतं बघा. दोनदा केलं, तीनदा केलं. मी म्हणालो, गाडीत काही दोष नाही, दोष माझ्यात होता. बरंच पुढे गेल्यावर, रस्त्यावरची नजर न काढता, त्या पहिल्यांदाच माझ्याशी वऱ्हाडीत बोलल्या.

“दुसऱ्या मास्तरच्या वर्गातल्या पोराचा पेपर तपासाले येये. अन् तो माह्या पोराईपेक्षा चांगला निंघाला का माहाही हात अडे. छत्तीस वर्षं अडला, भाऊ.”

“मंग काय करत होत्या तुमी?” मी विचारलं.

“पुरे मार्क देत होती,” त्या म्हणाल्या, आणि दुसरा गिअर टाकला.